घाटीखाली एक बोट

तुळशीबागेत ठुशी घ्यायला आलेली बाई आरशात बघत असते, दुकानदार तिच्या मानेमागे गोंडा ओढून ठुशी नीट बसवत असतो आणि मी शेजारी उभी राहून तिचा गळा बघत असते. ठुशी नाही, गळा. मान केवढी आहे, हनुवटी पुढे आहे की मागे, मान वर केली की घाटी दिसते की नुसताच मऊ उतार. बरोबरची बहीण कोपराने ढोसते, "किती टक लावून बघतेस! तिला वाटेल दृष्ट लावतेयस." आता हिला काय सांगणार? तीस वर्षं लोकांना भूल देतेय. चेहरे लक्षात राहत नाहीत, नावं तर नाहीतच. गळे राहतात.

रिक्षात बसलं की रिक्षावाल्याची मान मागून दिसते, तेवढीही पुरते. कॉलरवर उतरलेल्या दोन वळ्या बघितल्या की मनात येतं, याला झोपवलं तर मास्क धरायला दोन माणसं लागणार. लग्नात गेलं की नवरदेवाची ती हल्लीची भरघोस दाढी. दाढीवर मास्क बसत नाही, कडेने हवा गळते आणि दाढीखाली हनुवटी आहे की नाही हे त्याच्या आईलाच माहीत. अक्षता हातात धरून मी हा विचार करत असते. धंद्याची खोड, दुसरं काय.

पुण्यात माझ्यासारखे भूलतज्ज्ञ बरेच आहेत, एका हॉस्पिटलचे नसलेले. सकाळी सातला कोथरूडला सिझर, साडेनऊला टिळक रोडवर हर्निया, दुपारी हडपसरला कुणाचा मोडलेला हात. आधी स्कूटर होती, गुडघ्यांनी तक्रार केल्यावर गाडी आली. बॅग मात्र तीच. तिच्या बाहेरच्या कप्प्यात एक पाकीट असतं : दहा नंबरचं ब्लेड आणि सहा नंबरची, फुगा असलेली ट्यूब. शेजारी सैलसर वळवून ठेवलेली बुजी. बुजी म्हणजे हातभर लांब, टोकाशी किंचित वाकलेली लवचिक काडी, तिच्यावरून ट्यूब सरकवायची. तिन्ही सीलबंद. तारीख उलटली की फेकते आणि नवं आणते. आजवर ते पाकीट एकदाही फोडलेलं नाही. आणि माझ्या बॅगेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती विचाराल, तर तेच.

ते कशासाठी, हे सांगायचं तर तुम्हाला स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवावं लागेल. ठेवा, हलक्या हाताने. मान थोडी वर करा. पुरुष असाल तर मधोमध टेंगूळ लागेल, ती घाटी. शाळेत कंठमणी म्हणायचो. तिच्या वरच्या काठाला एक खाच असते. आता बोट बरोबर मध्यरेषेवरून खाली घसरू द्या. कडक, कडक, कडक आणि मग एकदम थोडंसं आत जातं. खळगी म्हणावी एवढंही नाही, रांगोळी काढताना फरशीची दर्ज बोटाला लागते तितपत. त्याच्या लगेच खाली पुन्हा एक कडक आडवी कड लागते. ती क्रिकॉइड, श्वासमार्गाभोवतीची एकमेव अखंड कडी. बाकी श्वासनळीचे सगळे कूर्चेचे वेढे मागून उघडे असतात, इंग्रजी सी अक्षरासारखे. ही मात्र पूर्ण अंगठी, आणि अंगठी उलटी घातलेली : खडा मानेच्या मागच्या बाजूला, बारीक पट्टी पुढे.

घाटी आणि अंगठी यांच्यामधल्या फटीवर एक पडदा ताणलेला असतो. उंचीला साधारण एक सेंटीमीटर, रुंदीला दोन-तीन. वर कातडी, थोडी चरबी आणि त्याखाली थेट हवेची वाट. मध्ये मोठा स्नायू नाही, मोठी रक्तवाहिनी नाही. एक छोटी धमनी पडद्याच्या वरच्या भागावरून आडवी जाते, म्हणून कापायचं ते खालच्या काठाशी. सहा नंबरच्या ट्यूबची बाहेरची जाडी आठ मिलिमीटरच्या आसपास. फट दहाची. हिशेब इतका काठावरचा आहे.

भूल दिलेल्या माणसाचा श्वास आमच्या हातात असतो. तोंडातून नळी जात नाही, मास्कने हवा जात नाही, घशात बसवायचं दुसरं साधनही बसत नाही, असं तिन्ही एकदम झालं तर वरून जायला वाट उरत नाही. मग समोरून जायचं, त्या फटीतून. मेंदूला प्राणवायू नसताना हाताशी मिनिटं चार-पाच. हे किती वेळा होतं? ढोबळमानाने पन्नास हजार भुलींमध्ये एखाद्या वेळी. म्हणजे बहुतेक भूलतज्ज्ञ हे न करताच निवृत्त होतात. आणि जो करतो, तो आयुष्यात पहिल्यांदाच करत असतो. अशा कामाचा सराव कसा करायचा, सांगा.

(सिनेमात कुणीतरी बॉलपेनची नळी काढून गळ्यात खुपसतो आणि टाळ्या घेतो. कृपा करून तो विचार डोक्यातून काढा. कुणाच्या घशात घास अडकला आणि त्याला खोकताही येईना, तर त्याला पुढे वाकवून पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये जोरात पाच थापट्या, मग मागून मिठी मारल्यासारखं धरून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके, पुन्हा थापट्या आणि एकाने १०८ लावायचा. गरोदर बाई किंवा वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पोटावर झटके नाहीत, छातीवर. पेन खिशातच राहू द्या.)

बी. जे. मेडिकल कॉलेजला असताना डिसेक्शन हॉलमध्ये ही फट मी पहिल्यांदा बघितली. बघितली म्हणजे डोळ्यांनी, चिमट्याने कातडी बाजूला करून. परीक्षेत आकृती काढली, नावं घातली, मार्क मिळाले. फट माहीत झाली असं वाटलं. बोटाला ती माहीत नव्हती, हे कळायला पुढे बारा-तेरा वर्षं गेली.

ती रात्र सांगते. कुठल्या नर्सिंग होममध्ये ते महत्त्वाचं नाही आणि चूक त्यांची नव्हतीच.

पावसाळ्याचे दिवस, रात्री दीडला फोन. पहिलटकरीण, रक्तदाब वाढलेला, अंगावर सूज, बाळाचे ठोके कमी होताहेत. सिझरला आम्ही शक्यतो पाठीत इंजेक्शन देतो, बाई जागी राहते, श्वास तिचा तीच घेते. पण हिच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, फार खाली आल्या होत्या. अशा वेळी मणक्यात सुई घालणं म्हणजे आतल्या आत रक्त वाहून साकळायची भीती. म्हणजे पूर्ण भूल. आणि रक्तदाबाच्या आजारात सूज फक्त पावलांवर नसते, ती घशातही असते.

मी तिचं तोंड उघडून बघितलं, जीभ बाहेर काढायला लावली. मान वळते का बघितलं. गळ्याला हात लावला नाही. गळ्यात मंगळसूत्र होतं, ते दोऱ्याने बांधून बाजूला केलं. त्या वेळी बोटं तिथेच होती, तरी नाही.

अशा भुलीत एक माणूस क्रिकॉइड दाबून धरतो, म्हणजे पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये. १९६१ मध्ये सेलिक नावाच्या इंग्रज भूलतज्ज्ञाने ही युक्ती सांगितली, हल्ली तिच्या उपयोगाबद्दल वाद आहेत. त्या रात्री दाबायला ओटीच्या सिस्टर होत्या, वीसेक वर्षांच्या अनुभवी. मी झोपेचं औषध दिलं, स्नायू सैल करणारं स्कोलीन दिलं, स्नायू सैल झाले, घशात बघायचा लॅरिंगोस्कोप आत घातला. आत सगळं गुलाबी, सुजलेलं, ओळखीचं काहीच नाही. एकदा प्रयत्न. बाहेर. मास्क. छाती हलेना. पुन्हा एकदा, लॅरिंगोस्कोपचं पातं बदलून. नाही. घशात बसवायचा मास्क घातला, तोही बसेना, हवा भसाभस बाहेर.

पल्स ऑक्सिमीटरचा आवाज ऐकलाय का कधी? नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तो टिक् करतो आणि प्राणवायू घसरला की त्या टिक्‌चा स्वर खाली उतरत जातो. आम्हाला आकडा बघावा लागत नाही. गरोदर बाईच्या फुप्फुसात साठा कमी आणि खर्च जास्त, त्यामुळे तो स्वर पायऱ्या सोडून उतरतो. ब्याऐंशी. एकाहत्तर. मी म्हटलं, "सिस्टर, सोडा. ब्लेड द्या." त्यांनी गळ्यावरची बोटं काढली आणि ट्रेकडे वळल्या. मी उजव्या हाताचं बोट गळ्यावर टेकवलं आणि फट शोधायला लागले.

बाईचा गळा. घाटी दिसत नाही. बोटाला पहिलं कडक काहीतरी लागलं, मी त्यालाच घाटी धरलं, खाली घसरले, बोट जरा आत गेलं. हीच. सिस्टरांनी ब्लेड हातात ठेवलं. बासष्ट. मला अजून त्या ब्लेडच्या प्लास्टिकच्या मुठीचा खरबरीतपणा आठवतो.

आणि डाव्या हाताने, का कोण जाणे, घशातला तो मास्क मी एकदा शेवटचा आत ढकलला. तो बसला. क्रिकॉइडवरचा दाब निघाला होता, तोच त्याला अडवत होता बहुधा. छाती वर आली. स्वर तिथेच थांबला, मग एकेक पायरी चढू लागला. पडद्यापलीकडून सर्जन म्हणाल्या, "घेऊ का?" मी म्हटलं, "घ्या." पाच मिनिटांत बाळ रडलं. मुलगी. पलीकडच्यांना काही झालंय हे कळलंसुद्धा नव्हतं.

सगळं आवरल्यावर, बाई जागी होऊन वॉर्डात जायच्या आधी, मी सावकाश तिच्या गळ्याला हात लावला. वरून खाली, एकेक खूण मोजत. आणि पोटात गोळा आला. मी ज्याला घाटी समजले होते ते हायॉइड होतं, जिभेच्या मुळाशी असतं ते घोड्याच्या नालेसारखं हाड. बायकांमध्ये घाटीच्या दोन पाती रुंद कोनात मिळतात, पुरुषांमध्ये साधारण नव्वद अंश तर बायकांत एकशेवीसच्या आसपास. त्यामुळे ती पुढे येत नाही आणि बोटाला हायॉइडच आधी भेटतं. मी हायॉइड आणि घाटी यांच्यामधल्या फटीत होते. खरी जागा तिथून दोन बोटं खाली. तिथे कापलं असतं तर मी स्वरयंत्राच्या वर उतरले असते, रक्त आलं असतं आणि सुजलेला घसा आणखी बंद झाला असता.

हात धुताना सिस्टर शेजारी आल्या. आवाज अगदी खाली. "मॅडम, रागावू नका. मी दाबत होते ती रिंग खालीच होती हो. तुम्ही बोट फार वर ठेवलंत."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

त्यांनी नळ बंद केला. "तुम्ही सोडा म्हणालात."

ज्या बोटाला जागा माहीत होती ते बोट तीन मिनिटं बरोबर तिथेच होतं. मी ते काढायला लावलं आणि स्वतःचं चुकीच्या जागी ठेवलं. ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं मी कुणाला सांगितली नाही. रोग्याला काही झालं नाही, मग सांगायचं काय, अशी स्वतःची समजूत घातली होती. 'भूल'तज्ज्ञ म्हणजे चुकण्यात तज्ज्ञ का, हा विनोद ओटीत दर महिन्याला कुणी ना कुणी करतं. मला त्या रात्रीनंतर त्यावर हसू यायचं बंद झालं.

नंतर कधीतरी इंग्लंडमधल्या एलेन ब्रॉमिली यांची हकिगत वाचनात आली. २००५ साल, सायनसचं साधं, ठरवून केलेलं ऑपरेशन, दोन मुलांची आई. भूल दिल्यावर श्वासाची वाट मिळेना. तीन अनुभवी डॉक्टर होते आणि तिघेही तोंडातून नळी घालण्यात अडकून पडले. एका नर्सने श्वासनळी उघडण्याचा संच आणून ठेवला, तसं सांगितलंही. कुणाच्या कानात ते शिरलं नाही. तेरा दिवसांनी त्या गेल्या. त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक. विमान पडलं की त्या क्षेत्रात दोष कुणाचा यापेक्षा नेमकं काय घडलं हे आधी शोधतात, तसं इथेही व्हावं म्हणून ते मागे लागले आणि जगभरच्या भूलतज्ज्ञांना त्यांनी या प्रश्नाकडे बघायला लावलं. मी ती हकिगत वाचत होते आणि डोळ्यांसमोर ते डॉक्टर नव्हते, त्या नर्स होत्या. आणि बंद केलेला नळ.

मग मी शिकायला लागले. पस्तिशी उलटल्यावर, पुन्हा पहिलीपासून.

पहिलं शिक्षण खाटकाकडे. सरावासाठी बोकडाचं नरडं चांगलं, आकार माणसाच्या जवळ जातो. रविवारी सकाळी कॅम्पातल्या मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभी राहिले. पुढचे सगळे खांद्याचं द्या, मांडीचं द्या. माझी पाळी आली. "नरडं हवंय. वरपासून खालपर्यंत अख्खं. पाच द्या."

त्याने सुरा थांबवला. "बाई, कुत्र्याला?"

"नाही, मलाच."

रांगेतल्या एका आजोबांनी माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं. पण खाटीक हुशार होता. काय करणार ते सांगितल्यावर त्याने एक नरडं उचललं, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे बघा, इथं दबतं." न शोधता. पहिल्याच खेपेला. मी एम. डी., आणि हा माणूस मला क्रिकॉइडच्या वरची फट दाखवत होता.

घरी ओट्यावर पेपर पसरून नरडं ठेवायचं, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कातडी म्हणून ताणून बांधायचा आणि डोळे मिटून शोधायचं. ब्लेड आडवं भोसकायचं, धार पायांकडे येईल असं नव्वद अंशात वळवायचं, त्याच्या आडोशाने बुजी आत सरकवायची, बुजीवरून ट्यूब. पूर्वी बारीक सुईने करायची पद्धत होती. ब्रिटनमध्ये देशभरातल्या घटनांची मोठी पाहणी झाली, २०११ मध्ये तिचा अहवाल आला आणि सुईचे निम्म्याहून जास्त प्रयत्न फसल्याचं त्यात दिसलं. मोठ्यांसाठी त्यांच्या २०१५च्या सूचनांत सुई गेली, ब्लेड आलं. आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये इथल्या परिस्थितीला धरून सूचना काढल्या. गंमत म्हणजे ब्लेडनेच करायची ही जुनी रीत मध्ये जवळजवळ बाद झाली होती. १९२१ मध्ये शेव्हेलियर जॅक्सन या अमेरिकी सर्जनने लिहिलं की इथे कापल्याने पुढे श्वासमार्ग आकसतो, आणि त्याचा दबदबा एवढा की पन्नासेक वर्षं कुणी त्या वाटेला जाईना. १९७६ मध्ये ब्रँटिगन आणि ग्रो यांनी ६५५ रोग्यांचा अनुभव मांडला, तेव्हा कुठे ती भीती सैल झाली.

पण कापणं सोपं. खरं काम आधीचं, सापडणं. एका कार्यशाळेत आम्हा दहा-बाराजणांना एका स्वयंसेवक मुलीच्या गळ्यावर फटीची जागा खुणावायला सांगितली, प्रत्येकाची वेगळी खूण. मग सोनोग्राफीने खरी जागा दाखवली. पडद्यावर श्वासनळीचे वेढे एकाखाली एक काळ्या मण्यांसारखे दिसतात, पहिला मोठा मणी क्रिकॉइडचा, त्याच्या वरची पांढरी रेघ म्हणजे आपली फट. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त खुणा चुकल्या होत्या. सगळे अनुभवी, सगळे खात्रीने खूण करणारे. माझी बरोबर आली, पण तोवर मी तीन वर्षं दर रोग्याचा गळा चाचपत होते, म्हणून. हुशारीचं त्यात काही नाही.

तिथे शिकलेली रीत म्हणजे गळ्याशी हस्तांदोलन. एक बोट टेकवून 'हीच' म्हणायचं नाही. पूर्ण पंजा लावायचा. अंगठा आणि मधलं बोट आधी वर, हायॉइडच्या दोन टोकांवर, आणि ते हाड इकडून तिकडे हलवून बघायचं. मग तसेच दोन्ही बाजूंनी घाटीच्या पात्यांवरून खाली उतरायचं, क्रिकॉइडच्या कडीवर टेकायचं. आता मधला सगळा खांब तुमच्या चिमटीत आहे, तेव्हा तर्जनी पुढे आणायची. ती आपोआप फटीत पडते. मुद्दा एवढाच की तीन मजले मोजत उतरलं की चुकीच्या मजल्यावर दार ठोठावलं जात नाही. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात अंधाऱ्या जिन्यात आम्ही असंच करायचो, प्रत्येक वळणावर कठडा चाचपत.

जाड गळा असेल, सूज असेल, तर हेही जमत नाही. मग मध्यरेषेवर उभा लांब छेद घ्यायचा आणि आत बोट घालून शोधायचं. म्हणजे शेवटी पुन्हा बोटच.

तेव्हापासून माझा नियम आहे : भूल देण्याआधी, रोगी जागा असताना, गळ्यावर पंजा. "आजी, जरा गळ्याला हात लावते हं." लोक चमकतात. गळ्याला हात म्हणजे आपल्याकडे एकतर नरडीला नख नाहीतर गळ्याशप्पथ. एक आजी म्हणाल्या, "शपथ घेताय का माझी?" म्हटलं, "तसंच समजा." लहानपणी वाड्यात आम्ही मुली गळ्याची कातडी चिमटीत धरून 'गळ्याशप्पथ, खरं सांगते' म्हणायचो. ती चिमूट धरायची जागा आठवून बघा. एखादं बोट इकडेतिकडे.

अवघड गळा असला तर जांभळ्या मार्करने खूण करते आणि सिस्टरांना म्हणते, "तुम्हीही लावून बघा." त्या लावतात. दोघींचं जुळलं नाही तर पुन्हा मोजतो. सोनोग्राफीचं मशीन असेल तर तेही लावतो. माझ्याबरोबर येणाऱ्या शिकाऊ मुली पहिल्या दिवशी कंटाळतात, "मॅडम, प्रत्येकाचा?" अगं, प्रत्येकाचा. रिकाम्या वेळी चाचपलेले हजार गळेच त्या एका वेळी तुझ्या बोटात असणार आहेत, दुसरं तिथे काही नसतं.

सरावाला मी सगळ्यात जास्त वापरला तो आईचा गळा. आई भजनी मंडळातली, रमणबागेत सवाई व्हायचा तेव्हापासून खाली बैठकीवर बसून ऐकणारी. अठ्ठ्याहत्तरीची, बारीक मान, तुळशीची माळ. दुपारी जेवणं झाली की मी तिच्या गळ्यावर बोट ठेवायचे आणि ती गुणगुणत असायची. त्यातून एक गोष्ट मला सापडली, ती पुस्तकात असणारच, पण मला बोटानेच सांगितली. आई खालच्या सा वर असली की फट मोकळी, बोट आरामात बसतं. ती वर जायला लागली की फट मिटत जाते. स्वर चढवणारा स्नायू याच दोन कूर्चांच्या मध्ये आहे. तो ओढला की पुढच्या बाजूने अंगठी आणि घाटी जवळ येतात, मागे स्वरतंतू ताणले जातात आणि आवाज वर जातो. आई तार सा वर पोचायची तेव्हा बोटाखाली फट जवळजवळ नाहीशी झालेली असायची. "बोट काढ गं, गुदगुल्या होतात," म्हणायची, पण गात राहायची. तुम्हीही करून बघा, सा सुद्धा लागायला नको, शिट्टीसारखा वर चढवलेला आवाज पुरतो.

मागच्या वर्षी आईचं पित्ताशय काढलं. दुर्बिणीतून, पूर्ण भुलीत. भूल द्यायला माझ्याकडे शिकून गेलेली एक मुलगी होती. मी बाहेर बसायचं ठरवलं होतं आणि बाहेरच बसले. बाहेर बसणं किती अवघड असतं हे तीस वर्षं आत उभं राहिल्यावर कळलं. मामा दोनदा चहा विचारून गेले.

संध्याकाळी आई खोलीत आली तेव्हा गळ्यावर, माळ असते त्याच्या जरा वर, जांभळी फुली होती. आईची मान बारीक, अवघड गळा नाही, तरी त्या मुलीने खूण केली होती. आई झोपेतच होती. मी दार लोटलं आणि पंजा लावला. हायॉइड, घाटी, अंगठी. तर्जनी पुढे आणली. बरोबर फुलीच्या मध्यावर.

नळीने घसा खरवडतो, तसा आईचाही धरला होता. दोन दिवस तिने कुजबुजूनच बोलणं केलं. तिसऱ्या दिवशी घरी, दुपारी, स्वतःच माझा हात ओढून गळ्यावर ठेवला. फुलीचा जांभळा रंग अजून पुरता गेला नव्हता. खालचा सा खरखरीत लागला. मग चढत गेली, मध्येच थांबत, श्वास घेत. वर पोचली असं तिला वाटलं तिथे थांबली. कानाला तो सा वाटला होता खरा. बोटाखाली मात्र फट अर्धी उघडी होती.

"लागला ना गं?" तिने विचारलं.

"थोडा खाली आहे," मी म्हटलं.